लवकर भरलेली टाळू

२ फेब्रुवारी २००९

ही डायरी धाड गावातल्या बियाण्याच्या दुकानातून फुकट आली. दरवर्षी येते. प्रत्येक पानाच्या तळाशी 'बोंड मोठं, मन मोठं' असं छापलेलं आहे. मन मोठं करायचं तर पान तरी मोठं द्यायचं होतं. आमचे हे, म्हणजे मास्तर, होते तोवर डायरी तेच लिहायचे आणि मला म्हणायचे, "सिंधू, तूही लिही, पण शुद्ध लिही." आता ते नाहीत, तर मीच लिहिते. जमेल तसं शुद्ध.

आज नातवाचं बारसं झालं. नाव चैतन्य ठेवलं. चार दिवसांत त्याचा चैतू होणार, ते मला आजच दिसतंय. सुनेला, योगिनीला, आई नाही, त्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच झालं. बाळाची आंघोळ माझ्याकडे. या गावातली निम्मी डोकी माझ्या हाताखालून गेलेली आहेत. माझा धंदा नाही हा, बाया बोलावतात म्हणून जाते. हल्लीचा सरपंचसुद्धा माझ्याच पायांवर न्हाला आहे. त्याचं डोकं बाहेरून छान गोल झालं, आत काही भरता आलं नाही तो भाग वेगळा.

शेखर जरा हसला आज. पोराचा बाप झाल्यापासून जास्तच गप्प झाला होता.

१९ फेब्रुवारी

थकते हल्ली. पाय लांब करून बसलं की उठताना भिंत धरावी लागते. पण बाळ पायांवर घेतलं की हात आपोआप चालतात. डाळीचं पीठ, साय, मग तेल. नाक दोन बोटांनी ओढायचं. डोकं दोन्ही तळव्यांत धरून हलक्या हाताने दाबायचं, आधी कानाकडून, मग पुढून-मागून. टाळूवर तेलाची धार धरायची आणि जिरेपर्यंत थापत राहायचं. नवीन बाळाचं डोकं म्हणजे नुसते तुकडे असतात, बोटांना मधल्या फटी लागतात. आपण दाबू तसं ते बसतं. हे मला कोणी शिकवलं नाही, बोटांनीच शिकवलं.

याची टाळू मात्र जन्मापासूनच लहान. बोटाचं पेरही धड बसत नाही. म्हणजे काम लवकर होणार.

मोहरीची उशी शिवली. तिच्यावर निजवलं की मागचा भाग गोल बसतो.

२७ मार्च, पाडवा

टाळू भरली! दोन महिने पुरते झाले असतील-नसतील. आज तेल घालताना बोट फिरवलं तर सगळीकडे टणक. माझ्या हातची इतक्या लवकर एकही भरली नव्हती. नसीमा धाडहून बांगड्या घेऊन आली होती, तिच्या लेकीला, सफालाही मीच न्हाऊ घातलं होतं. तिला बोट लावून दाखवलं.

ती म्हणाली, "या अल्ला! आमच्या सफाची तं दीड वर्ष धकधक करत होती. तुमच्या हातात काय जादू हाय सिंधूआपा?"

मी म्हटलं, "हात तेच, तेल घरच्या घाण्याचं."

शेजारी साखर वाटली. शेजारचे रामराव अंगणात आले, बाळाला हातात घेतलं आणि म्हणाले, "वयनी, ह्याचं डोकं पक्कं झालं. आता आमच्यासारखं कोणी याले बनवू शकत नाई." सगळे हसले. त्यांची बायको कलाबाई म्हणाली, "तुमाले बनवाले कोणी लागतच नाई, तुमी सोताच बनता." फार दिवसांनी असा पाडवा झाला.

३० एप्रिल

ऊन मरणाचं. टोपडं शिवलं ते बसेना. पुढे-मागे अडकतं आणि कानांवर ढिलं पडतं. कापडच वाकडं कापलं गेलं असणार, चष्मा बदलायला हवा. उसवलं आणि पुन्हा शिवलं. तरी तसंच.

योगिनी दुपारी म्हणाली, "आई, याच्या डोक्याच्या मधोमध हे काय लागून राह्यलं? पहा ना, कपाळापासून मागंलोक. वरंब्यासारखं."

हात लावून पाहिला. आहे खरं. म्हटलं, "हाड भरलं बाई. चांगलं भरलं म्हणून लागते."

"पण डोकं लांबट दिसून राह्यलं. कपाळ पाहा किती पुढं आलं."

"तुह्या सासऱ्याचंही कपाळ मोठंच होतं. दोन-दोन वेळा बढती मिळाली त्याईले."

ती बाळाला घेऊन उठली. चिखलीच्या कॉलेजात बारावीपर्यंत सायन्स शिकलेली मुलगी आहे, शंका फार काढते. उद्यापासून पुढून-मागून जरा जोर लावून दाबते. गोल होईल.

१४ जून

शेखर बियाण्याच्या रांगेत उभा राहायला पहाटेच धाड गावी गेला. जे पाकीट हवं ते मिळत नाही, जे मिळतं ते सोबत दुसरं घेतलं तरच. संध्याकाळी आला तो जेवलाही नाही. आभाळात एक ढग नाही. मी विचारलं, यंदा थोडी ज्वारी, तूर लाव की. म्हणाला, "आई, सगळ्याईच्या वावरात बीटी कपाशी आहे. मी एकटाच ज्वारी लावून पाखरं हाकलत बसू काय?"

बाळ पालथं पडतं, पण मान लवकर टेकवतं. डोकं जड आहे ना.

२१ जुलै

पाऊस झाला एकदाचा, पेरण्या उरकल्या. योगिनी शेखरसोबत वावरात होती, म्हणून डोस द्यायला चैतूला मीच घेऊन गेले. अंगणवाडीत नर्स आली होती. कालची पोर, नवीनच लागली आहे. तिने सुई दिली आणि मग डोक्यावरून हात फिरवत राहिली. मोजपट्टी काढली. कपाळाकडून पाहिलं, वरून पाहिलं.

"आजी, याला बुलढाण्याला बालरोगतज्ज्ञाला दाखवा. डोक्याची हाडं लवकर जुळल्यासारखी वाटतात."

म्हटलं, "लवकर जुळली तं चांगलंच ना बाई."

"नाही आजी. आत मेंदू वाढतो ना. त्याला जागा लागते. आईला सांगा, उशीर नका करू."

हो म्हणून आले. वाटेत विचार केला. तिशीच्या आतली ही मुलगी, हिच्या हातून किती डोकी गेली असतील? आणि आता कुठे पेरणी उरकली आहे, निंदण तोंडावर आहे, शेखरचं डोकं आधीच फिरलेलं. योगिनीच्या कानावर घातलं असतं तर तिचं सुरूच झालं असतं. घरी बोलले नाही. निंदण होऊ दे, मग पाहू.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडा झाला, मास्तरांची आठवण आली. चैतूला सर्दी. बाकी काही नाही.

८ सप्टेंबर

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

कपाशीवर लाल्या आला आहे. पानं लाल पडतात आणि बोंडं लहानच राहतात. अख्खं शिवार तांबूस दिसतं. परवा सकाळी रामराव वावरात गेले ते परत आलेच नाहीत. स्वतःला संपवलं त्यांनी. पाडव्याला माझ्या अंगणात हसलेला माणूस. पोलीस आले, पंचनामा झाला, बुलढाण्याला नेलं, काल संध्याकाळी आणलं.

कलाबाईला अंगाचं भान नव्हतं. मी तिला धरून बसले होते. तोंड दाखवायला कापड बाजूला केलं तेव्हा डोक्यावरचा पट्टा सरकला. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, डोक्यावरून, जाड दोऱ्याने शिवलेलं होतं. आपण गोधडीला ठिगळ लावताना तरी दोरा नीट ओढतो. कोणीतरी पटकन झाकलं. पण कलाबाईने पाहिलं, मी पाहिलं.

विष पोटात गेलं होतं, मग डोकं कशाला उघडलं? कोणाला विचारणार?

एरवी चितेवर मुलगा कवटी फोडतो, तेही माणूस जळून मोकळा होताना. आधी कोणी हात लावत नाही.

१७ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दिवाळी कसली. वेचणी सुरू झाली, मजूर मिळत नाहीत, योगिनी शेखरच्या सोबत जाते. एक खोली कापसाने भरली आहे, बाजूच्या खोलीत आम्ही. अंगाला खाज सुटते.

चैतू सकाळी उठला की उलटी करतो. दात येत असतील. बसवलं तर बाजूला कलंडतो. चिडचिड फार, आणि बघताना नजर भलतीकडेच जाते. मीठ-मोहरी ओवाळून टाकली. डोकं दाबायला घेतलं की हल्ली असा ओरडतो की माझेच हात थांबतात. तेल तेवढं लावते.

२६ ऑक्टोबर

आज मी भयंकर चिडले. सकाळी वेचणीला जाते म्हणून योगिनी निघाली आणि चैतूला पाठीशी बांधून परस्पर जीपने बुलढाण्याला गेली. सोबत ती नर्स. शेखरला म्हणे रात्रीच सांगितलं होतं. मलाच तेवढं नाही! संध्याकाळी आली ती चिठ्ठी घेऊन, औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात ताबडतोब दाखवा म्हणून.

मी म्हटलं, "घरात मोठं माणूस आहे का नाई? काऊन नाई विचारलं?"

तिने बाळाचे पाय धुतले, मला वाढलं आणि म्हणाली, "जेवून घ्या आई."

माझ्याशी वाद घालत नाही म्हणजे नर्सने तिला काय काय सांगितलं असेल, हा विचार आला. ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

३० ऑक्टोबर

औरंगाबादहून आलो. हाडं खिळखिळी झाली एसटीत. सगळं लिहिते, नाहीतर विसरेन.

मोठे डॉक्टर केस पिकलेले, हात बारीक. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकची कवटी होती, लहान बाळाची. मी आधी तोंड फिरवलं. मग त्यांनी ती उचलून माझ्याच हातात दिली, कारण योगिनीच्या मांडीवर चैतू होता. म्हणाले, "आजी, हात लावा. काही होत नाही."

हात लावला आणि माझ्या बोटांना ते सगळं ओळखीचं लागलं. कपाळाचं हाड, ते जन्मताना दोन तुकड्यांत असतं. वर दोन बाजूंना दोन मोठी हाडं. मागे एक. कानाजवळ एकेक. आणि मधे फटी. माझी बोटं तीस वर्षं या फटींवरून फिरली, पण त्या कशासाठी आहेत ते मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, कच्चं काम राहिलं आहे, ते आपण पुरं करायचं.

डॉक्टर म्हणाले, "बाळ बाहेर येताना ही हाडं एकावर एक सरकतात, म्हणून तर येऊ शकतं. नंतर मेंदू वाढतो तसतशी ती एकमेकांपासून दूर होतात आणि कडेने नवं हाड तयार होतं. पहिल्या वर्षात मेंदू दुपटीहून मोठा होतो. जिथे हाड वाढायचं ती ही जागा." त्यांनी डोक्याच्या मधल्या फटीवर पेन फिरवलं. "तुमच्या बाळाची ही फट पोटातच जुळायला लागली. आडवं वाढता येईना, म्हणून डोकं पुढे-मागे लांबलं. आता तिथेही जागा संपत आली. डोळ्यामागची नस सुजली आहे. थांबलो तर नजर जाऊ शकते, बुद्धीवर परिणाम होऊ शकतो."

मी विचारलं, "तेलानं झालं काय हे? का दाबल्यानं?"

"नाही आजी. तुम्ही काही केलं म्हणून झालं नाही. जन्मताच होतं." एवढं बोलून त्यांनी योगिनीकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "पण हे सहाव्या महिन्यात आणलं असतं तर शस्त्रक्रिया सोपी होती, नसेवर ताणही आला नसता. इतका वेळ काय करत होतात? तुम्ही आई आहात ना? शिकलेल्या दिसता."

योगिनी मान खाली घालून म्हणाली, "वेचणी होती सर."

"वेचणी! कापूस महत्त्वाचा की पोरगं?"

मी तिथेच, कवटी हातात.

मला तिचा राग आला. सहावा महिना म्हणजे जुलै, जुलैत कुठली वेचणी? डॉक्टरसमोर असं वेड्यासारखं खोटं कशाला बोलायचं? उगीच स्वतःची शोभा करून घेतली. शेखरही जमिनीकडे बघत बसला.

शस्त्रक्रिया सांगितली आहे. डोक्याची हाडं कापून मोकळी करायची आणि पुन्हा बसवायची. डॉक्टरांनी चैतूच्या डोक्यावर बोटाने रेघ ओढून दाखवली. या कानापासून त्या कानापर्यंत.

कवटी टेबलावर ठेवली. बाहेर येऊन पायरीवर बसले.

२ नोव्हेंबर

नाही म्हणून सांगितलं मी. सरळ सांगितलं. माझ्या नातवाचं डोकं जिवंतपणी कोणी उघडणार नाही.

शेखर म्हणाला, "आई, डॉक्टर बोलले ते तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. आणि रामरावचं डोकं पाह्यलं ते? तेही डॉक्टरनंच शिवलं होतं ना?"

त्याने तोंडावर हात ठेवले. माझ्या होकाराशिवाय त्याने आजवर बैल घेतला नाही, विकला नाही. आता सही करायची आहे आणि तो माझ्याकडे बघतो. योगिनी त्याच्याकडे बघते. मला दिसतंय, सगळं माझ्यावर येऊन थांबलं आहे. गुरुवारच्या आत कळवायचं आहे, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल आणि मग पुढची कधी ते कोणी सांगत नाही.

योगिनी रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती चैतूला खिडकीशी घेऊन बसते आणि त्याच्यासमोर लाल चमचा फिरवते, तो बघतो का ते बघते. आज किती वेळ फिरवत होती.

४ नोव्हेंबर

कलाबाईकडे गेले होते. रामराव गेल्यापासून तिच्याकडे बसायला फार कोणी जात नाही, लोकांना काय बोलावं ते सुचत नाही. मी तांदूळ निवडून देत बसले. आपोआपच बोलले. म्हटलं, कला, तूच सांग. तू पाहिलंस, मी पाहिलं. तसं माझ्या चैतूचं करणार आहेत.

तिचे हात थांबले. मला वाटलं, मी हे काढायला नको होतं. उठायला लागले तर तिने माझं मनगट धरलं.

"माह्या माणसाचं डोकं त्याईनं तो मेल्यावर उघडलं, सिंधू. काय सापडलं त्याईले? तो जिता होता तवा त्याच्या डोक्यात काय चालू होतं, ते कोणी पाह्यलं नाई. मीही नाई पाह्यलं. संगं निजत होती मी त्याच्या."

तिने मनगट सोडलं नाही.

"तुह्या लेकराचं जितं असताना उघडून राह्यले. जगावं म्हणून. आनि तू नाई म्हणून राह्यली? अवं, मले कोणी म्हटलं असतं ना, याच्या डोक्यातलं वजन काढतो, तं मी या हातानं त्याले टेबलावर निजवलं असतं."

मग ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मीही. दोघींनी मिळून सगळे निवडले. खडे फार होते.

घरी आले. शेखर कापसाच्या ढिगाशेजारी बसला होता. त्याला म्हटलं, "सही करून ये. आनि मलेही न्या."

योगिनी चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं नाही. भाकरी मात्र करपली.

१८ नोव्हेंबर, औरंगाबाद

काल झालं. आत नेताना त्याचे केस काढले होते आणि मी पहिल्यांदाच ते डोकं खरं काय होतं ते पाहिलं. केसांखाली, तेलाखाली, टोपड्याखाली. दोन्ही बाजूंनी दाबलेलं आणि लांब. मी रोज हातात धरत होते आणि मला दिसलं नव्हतं.

शेखरने रक्त दिलं. दिवसभर बाकावर. शेजारी जालन्याकडचं एक कुटुंब होतं, त्यांनी आम्हाला डब्यातली पोळी दिली. कोणी काही विचारलं नाही, ते बरं वाटलं. दवाखान्यात बसल्यावर सगळे एकाच गावचे होतात.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, म्हणाले नीट झालं. नजरेचं आत्ता सांगता येत नाही, सूज उतरताना कळेल. थोडं गेलं असेल तर ते परत येणार नाही. पुढचं वाचलं.

थोडं गेलं असेल तर.

जुलै ते ऑक्टोबर. मी मोजायला नको म्हणते, पण डोकं मोजतंच.

चैतूचं तोंड सुजून डोळे मिटले आहेत. डोक्याला पट्टी. योगिनीने त्याच्या तळव्याला बोट लावलं तर त्याने धरलं.

२४ नोव्हेंबर, औरंगाबाद

डोळे उघडले. लाल चमचा योगिनीने पिशवीत आणलाच होता. फिरवला. डाव्या बाजूने नेला तेव्हा त्याने मान वळवली. उजव्या बाजूने नेला, तर उशिरा वळवली. डॉक्टर म्हणाले, उजव्याला थोडं कमी राहील बहुतेक, चष्म्याने भागेल. योगिनी त्यांच्या पाया पडली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

सुटी देताना डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, डोक्यावर दाब नको, मालिश नको, मधे फटी ठेवल्या आहेत, त्या आपोआप भरतील तेव्हा भरतील. हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं. बघत नसतीलही.

९ डिसेंबर

टाके निघाले. घरी आहोत. शेखर उरलेला कापूस गाडीत भरून चिखलीला गेला. आज डॉक्टरांनी आंघोळ घालायला परवानगी दिलेला दिवस, म्हणून सकाळीच पाणी तापत ठेवलं होतं.

बाया बघायला आल्या. नसीमा धाडहून आली, आळीतली सोजराबाई आली, आणखी दोघी-तिघी. कलाबाई आली आणि दाराशी बसली. चैतूच्या डोक्यावर केस उगवायला लागले आहेत, मधून या कानापासून त्या कानापर्यंत नागमोडी रेघ. नसीमाने पाहिलं आणि ओढणीने डोळे पुसले.

सोजराबाईला गप्प बसवत नाही. ती म्हणाली, "कापूस वेचाच्या नादात लेकराकडं पाह्यलं नाई, असं ऐकलं मी. बाप्पा, आजकालच्या पोरी! घरात सिंधूसारखी सासू. तिच्या हातात दोन महिने देल्लं असतं ना, तं चाकू लावाची पाळी आली नसती. आधी ध्यान द्याचं नाई, मंग धावाचं कापाले."

दुसरीने हो हो केलं. तिसरी म्हणाली, आईनंच लक्ष द्यायला पाहिजे होतं.

मी योगिनीकडे पाहिलं. ती चैतूचा सदरा काढत होती. जशी डॉक्टरसमोर बसली होती तशीच, मान खाली. ओठ मिटलेले.  आणि तेव्हा मला एकदम कळलं, की औरंगाबादला ती खोटं कशासाठी बोलली होती. ज्या दिवशी नर्ससोबत जीपमध्ये बसून गेली, त्या दिवशीच तिला सगळं कळलं असणार. त्या संध्याकाळी मी ओरडले होते, मोठं माणूस आहे का नाही म्हणून. आणि तिने मला वाढलं होतं.

 मी बोलले. "सोजरे, थांब. नर्सनं जुलैमंदीच सांगतलं होतं. मले सांगतलं होतं, हिले नाई. मी घरी कोणाले बोलली नाई. पोराच्या उजव्या डोळ्याले कमी दिसते ना, ते माह्याच्यानं."

 सोजराबाईने पदर सावरला. नसीमा माझ्याकडे बघत होती, पण पाडव्याला बघत होती तशी नाही. हे आता गावभर जाईल. जाऊ दे. बाळंतिणींकडून आता बोलावणं येणार नाही, तेही जाऊ दे. थकलेच होते मी.

मला योगिनीकडे बघायचं धाडस नव्हतं. तिचाच आवाज आला. अगदी रोजच्यासारखा.

"मले माहीत आहे, आई. पाणी थंड होऊन राह्यलं, बसा ना."

आणि उघडा चैतू तिने माझ्यापुढे धरला.

पाणी खरंच थंड होत आलं होतं. मी भिंत धरून खाली बसले, पाय लांब केले. ती माझ्यासमोर बसली. डोकं तिनं धरलं, बाकीचं मी धुतलं.